दगडी विळ्याचं भांडण

भाऊजी,

बाजरी कापायच्या आधी शाळेतून शिपाई आला होता. शाळेच्या अंकात तुमच्यावर लेख घ्यायचाय, तर घरच्या कुणीतरी सरांच्या कार्याचा आढावा लिहून द्यावा, असा हेडमास्तरांचा निरोप. मी विचारलं, आढावा म्हणजे काय लिहायचं? तो म्हणाला, जन्मतारखेपासून सगळं. आता तुमची जन्मतारीख जन्म देणाऱ्या आत्याबाईंनाही धड सांगता येत नाही. त्या म्हणतात, "पोळ्याच्या आदल्या दिशी, लई पाऊस हुता." शाळेच्या दाखल्यावर एक जून आहे, पण एक जूनला अर्धा नगर जिल्हा जन्मलाय. शेवटी आतल्या खोलीतून तुमची शांता बोलली. तेराव्यानंतर तिचं मोठ्यानं बोललेलं ते पहिलंच वाक्य. "ताईंना लिहू द्या," ती म्हणाली. "त्यांच्याशी भांडायच्या त्याच."

म्हणून आज बाजरी कापून झाल्यावर लिहायला बसले. तुम्ही देवळालीच्या शाळेत इतिहास शिकवत होता आणि माझे धाकटे दीर होता, एवढं वाचणाऱ्याला पुरे. बाकी जे आहे ते आपलं भांडण. तीन वर्षं चाललं. श्रावणात शाळेच्या ओट्यावर तुम्ही छाती धरून खाली बसलात ते उठलाच नाहीत, आणि भांडण अर्धंच राहिलं. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाशी भांडू नये. मला ते पटत नाही. ज्याच्याशी भांडण्यात एवढी मजा आली, त्याच्याशी आता एकदम गोड बोलायला लागले तर तुम्हालाच वाटेल की ही कोण बाई आली.

सुरुवात माझ्या माहेरी झाली. सत्तर सालची दिवाळी. मी भाऊबीजेला नेवाशाला गेले होते आणि तुम्ही मला न्यायला आलात. ट्रंक भरलेली, आईनं वाटेसाठी दशम्या बांधलेल्या, एस.टी.ला अजून वेळ होता. तुम्ही म्हणालात, "जरा नदीकडून पाय मोकळे करून येतो." आलात ते दिवेलागणीला, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, गिरणीतून पीठ दळून आल्यासारखे. "वहिनी, आज राहू द्या. उद्या निघू." दुसऱ्या दिवशी चहा पिऊन पुन्हा गायब, पुन्हा दिवेलागण. तिसऱ्या दिवशी माझ्या वडिलांनी मला मागच्या दारी बोलावलं. "पोरी, सासरी काही बिनसलंय का? दीर न्यायला येतो अन् नेत नाही, याचा आम्ही अर्थ काय घ्यायचा?" आई तर डोळ्याला पदर लावून बसली होती.

मी तशीच पदर खोचून नदीवर आले. जुनी वस्ती उठून गेलेल्या जागेला आपल्याकडं पांढरी म्हणतात. घराच्या धाब्यावर टाकायला तिथली माती आणायची, याच्यापलीकडं त्या टेकाडाला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता तिथं सुतळ्या ताणून चौकोन पाडलेले, तंबू ठोकलेला, आणि जुन्या वस्तू खणून काढायला आलेली बाहेरगावची शिकलीसवरली माणसं दाढीच्या ब्रशांनी जमीन झाडत होती. तुम्ही एका खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसला होता. माझा अवतार बघून उठलात, आणि मी तोंड उघडायच्या आत माझ्या तळहातावर एक दगड ठेवलात.

दगड कसला, चिमटीत मावेल एवढं पातं. अडकित्त्यानं कातरलेल्या सुपारीसारखं पातळ, मधाच्या रंगाचं. एका काठाला बारीक चकाकी होती, तुपाचं बोट फिरवल्यासारखी. मी ते पदराला पुसलं.

"पुसून नाही जायची," तुम्ही म्हणालात. "तीन हजार वर्षांची आहे ती. याच काठावरची माणसं अशी पाती लाकडात ओळीनं बसवून विळा करायची. पीक कापून कापून ही चकाकी आली."

"भाऊजी, मी परकरात होते तेव्हापासून सोंगणी करते. बाजरीच्या ताटानं बोट कापतं, अंग खाजतं. धोंड्याला झिलई येत नाही. हे कातड्यावर घासलेलं आहे, न्हावी वस्तरा लावतो तसं."

"ताटात वाळू असते, वहिनी. डोळ्याला न दिसणारी."

"म्हणजे आमची जनावरं वाळू खातात?"

"खातात. म्हणून तर त्यांचे दात झिजतात."

हे मला फार लागलं. उत्तर एस.टी.त सुचलं. मी म्हटलं, जनावराचा दात म्हणजे काय गारगोटी आहे का? तुम्ही विहिरीच्या काठाच्या दगडावर दोराचे काचे पडतात ते उदाहरण काढलंत. मी म्हटलं, दोर रोज घासतो, बाजरी वर्षातून एकदा येते. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं आणि तिसऱ्यांदा तो आपल्या मागच्या बाकावर बसूनच ऐकायला लागला. उतरताना तुम्ही माझी ट्रंक खांद्यावर घेतलीत आणि म्हणालात, "ठरलं. मी पाती करतो, विळा करतो, पीक कापतो. चकाकी आली की तुम्ही हो म्हणायचं."

"आणि नाही आली तर?"

"येईल."

एवढंच आपलं भांडण. चकाकी येते का नाही, आणि मी हो म्हणते का नाही. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण त्या एका शब्दासाठी तुम्ही घर डोक्यावर घेतलं होतंत.

आधी घरात गारगोट्या आल्या. खताच्या गोण्या भरून, नदीच्या पात्रातून, सायकलवर. तुम्ही अंगणात बसून फोडायचात आणि त्यातून निघायच्या नुसत्या कपच्या. तुम्ही मला समजावून सांगायचात की दगड कुणालाही फोडता येतो, पाहिजे तसा फोडणं ही विद्या आहे. हे सांगताना तुमच्या दोन्ही अंगठ्यांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. मग कुणीतरी तुम्हाला सांगितलं की गारगोटी आधी राखेत मंद भाजली की ती मऊ फुटते. कुणाच्या चुलीतली राख, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी आपली भाकरी थापतेय, आत्याबाई शेजारी लसूण सोलतायत, तुमचे दादा जेवायला बसलेत, आणि चुलीत फाट्‌कन आवाज झाला. राख माझ्या तोंडावर. आत्याबाईंनी देवाचं नाव घेतलं, मग तुम्हाला दारात बघून म्हणाल्या, "मास्तर केला ह्याला, आन् ह्यो धोंडं भाजून खातोय." तुमच्या दादांनी पिठल्यातून एक कपची बोटानं काढली, ताटाच्या कडेला ठेवली आणि विचारलं, "हे जुनं का नवं?"

तुम्ही ती कपची उजेडात धरलीत आणि नाचायचेच बाकी राहिलात. तिचा रंग उतरत्या उन्हासारखा तांबूस झाला होता आणि कड अशी निघाली होती की तुमचं बोट कापलं. मी त्यावर हळद दाबली. तुम्ही म्हणालात, "बघा, कापलं." जणू मी शंका घेतली होती.

मग परसात तुमची वेगळी चूल झाली. पाती निघायला लागली, सरळ, पातळ, एकासारखी एक. बाभळीच्या लाकडाला खाच पाडून तुम्ही ती राळेत आणि मेणात बसवलीत. एकाहत्तरच्या बाजरीला पहिला विळा रानात आला. आम्ही बायकांनी आपापली पात, कापायची ओळ, धरली, तुम्हीही धोतर खोचून एक धरलीत. आम्ही बांधापर्यंत जाऊन परत फिरलो तरी तुम्ही तिथंच. ठकूबाई आपल्याकडं कामाला येणारी, तोंडाची फटकळ. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, तुमच्या इळ्यानं बाजरी कापत न्हाई, लाजून आडवी पडती." सगळं रान हसलं. सगळ्यांत मोठ्यानं तुम्ही.

पण कापत होता. हे मी तेव्हाही मान्य केलं होतं, लेखात पुन्हा करते. हळू कापत होता, पण ताट कचकन तुटत होतं.

संध्याकाळी विळ्याची दोन पाती कमी भरली. ती गेली कुठं? सरमडात, बाजरीच्या वैरणीत. आणि सरमड कुठं? पवळ्यापुढं. तुमच्या दादांचा जीव त्या बैलावर किती, हे तुम्हाला सांगायला नको. "बैलाच्या पोटात गेलं तर तुझाच इतिहास करीन," म्हणाले. दिवस मावळेपर्यंत आपण सगळे गोठ्यात गुडघ्यावर बसून सरमड चाळत होतो, आणि पवळ्या मजेत रवंथ करत आपल्याकडं बघत होता. एक पातं सापडलं. दुसरं तुमच्या धोतराच्या घोळात निघालं. दादा आठ दिवस तुमच्याशी बोलले नाहीत, आणि तुम्ही ते आठ दिवस पाती घट्ट कशी बसवावी याचाच विचार करत होता, त्यामुळं तुम्हाला कळलंही नाही की ते बोलत नाहीत.

पुढल्या साली पाऊसच आला नाही. बहात्तर साल, त्याबद्दल नवीन काय सांगायचं. आपलं रान कालव्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे कोरडं. बाजरी वीतभर आली आणि करपली. मी, ठकूबाई, गावातल्या निम्म्या बायका रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो. घरात रेशनवर मिळालेल्या मिलो धान्याची लाल भाकरी, कामावर वाटलेली सुकडी. एका रविवारी तुम्ही सायकल घेऊन तिथं आलात आणि बराच वेळ उभे राहिलात. रस्त्याच्या कडेनं लांबवर बायका बसलेल्या, सगळ्यांच्या हातात हातोडी, सगळीकडून तोच ठक ठक आवाज. तुम्ही मला हळू म्हणालात, "सगळा जिल्हा दगड फोडायला बसलाय, वहिनी. हौसेनं फोडणारा मी एकटाच." मी तुमचा चेहरा एवढा उतरलेला आधी पाहिला नव्हता.

ठकूबाईनंच सोडवलं. "मास्तर, आमची बी हौसच हाय की. या, बसा. पाटीभर फोडून द्या, मी जरा पाठ टेकते." आणि तुम्ही बसलात. दुपारभर तिची खडी फोडलीत. काळा दगड कसा फुटतो, गारगोटी कशी फुटते, हे सगळ्या बायकांना सांगत सांगत. काळा दगड खडीला बरा, विळ्याला नाही म्हणालात, तर ठकूबाई झोपल्या झोपल्या विचारते, "आन् भाकरीला कंचा बरा?" त्या उन्हात आम्ही हसलो. मुकादम बघायला आला, काय झालं म्हणून.

त्या वर्षी तुम्ही कापायचात ते कालव्याच्या काठचे लव्हाळे आणि उसाची वाढी, शेंड्याचा हिरवा पाला. दगडी विळ्यानं कापलेला तो भारा सायकलच्या मागं बांधून आणायचात आणि पवळ्यापुढं टाकायचात. दावणीची जनावरं लोकांनी छावणीवर सोडली, आपला पवळ्या घरी राहिला. दादांनी त्यानंतर तुमच्या दगडांना कधी नाव ठेवलं नाही. एकदा तर मी त्यांना परसात तुमच्या गोणीतली एक गारगोटी उचलून उन्हात धरून बघताना पाहिलं. मला बघून त्यांनी ती खाली टाकली आणि खोकले.

आणि दर रविवारी तुम्ही माझ्यासमोर. "बघा वहिनी, आली का?" मी हात पुसायची, उंबऱ्यात यायची, शाळेचं भिंग डोळ्याला लावायची आणि विळा उजेडात तिरपा करून बघायची. "नाही." तुम्ही मान हलवायचात, विळा घ्यायचात, जायचात. कधी वाकडं तोंड नाही. मधेच एखादं पातं मोडायचं, नवं बसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. मीच एकदा चिडले. म्हटलं, शांता तर पहिल्याच दिवशी हो म्हणाली, तिला का नाही धरत? तुम्ही म्हणालात, "ती मी दाखवलेल्या विटेलाही हो म्हणेल. तुमचं नाही हे नाहीच असतं. म्हणून तुमच्या होची किंमत."

भाऊजी, या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली. मीठ-मिरचीपलीकडं माझं मत कुणी विचारलं नव्हतं. मी मत देणारी आहे हे सगळ्यांना माहीत होतं, विचारणारे तुम्ही पहिले. सातवी पास बाईच्या हातात भिंग देऊन तुम्ही गप्प उभे राहायचात, आणि मी बघत असताना श्वाससुद्धा रोखून धरायचात. मला बघायला तुम्ही शिकवलंत. आता मी डाळ निवडतानासुद्धा खडा उजेडात धरून बघते, कुठं फुटलाय, कसा फुटलाय. घरात सगळे हसतात.

आणि हे तुम्हाला कधी बोलले नाही, ते आता बोलते. मला तुम्ही जिंकायला हवे होता. पहिल्या वर्षी नव्हे, तेव्हा मला खरंच वाटायचं की तुम्ही साफ चुकताय. पण त्या दुष्काळात, लव्हाळ्यांचा भारा बांधून तुम्ही येताना दिसलात की मी मनात म्हणायची, देवा, आज असू दे. मग बघायची आणि नसायची. "नाही" म्हणायच्या आधी भिंग पदराला पुसून पुन्हा एकदा बघायची. आवाज मात्र खणखणीत काढायची.

या आषाढात पाऊस झाला. तुम्ही नवी पाती बसवलीत, या वेळी इतकी घट्ट की एकही हललं नाही. लव्हाळे दणकून वाढले होते आणि तुम्ही शाळेआधी, शाळेनंतर कापत सुटला होता. श्रावण लागला त्या रविवारी तुम्ही विळा आणलात. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. तुम्ही विचारलंत, "काय?" मी म्हटलं, "काही नाही. अजून नाही."

ते "अजून" तोंडून गेलं. तुम्ही ते झेललंत. "अजून म्हणाल्या," तुम्ही आत्याबाईंना सांगितलंत, दादांना सांगितलंत, शांताला तर हाताला धरून अंगणात आणून सांगितलंत, "वहिनी अजून म्हणाल्या." पवळ्यालाही सांगितलं असेल. तो आठवडा संपायच्या आत तुम्ही गेलात. अंगणात फिरणारे ते तुम्ही माझ्या डोळ्यांपुढं आहात, ओट्यावरचे नाही. त्याबद्दल मी देवाची ऋणी आहे.

पुढं काय झालं ते ऐका. हेडमास्तर स्वतः आले. विळा शाळेच्या काचेच्या कपाटात ठेवू म्हणाले, खाली पाटी लावू, सरांनी प्रयोगानं सिद्ध केलं म्हणून. मी म्हटलं, सिद्ध झालेलं नाही. ते गडबडले. म्हणाले, आता त्याला काय महत्त्व, बाई, भावना महत्त्वाची. मी म्हटलं, गुरुजी, भावनेवर पोरांना पास करता का? चहा न घेताच गेले बिचारे.

त्यांना मी परतवलं. आत्याबाईंना कशी परतवणार? त्या रात्रंदिवस तुमच्या अंथरुणाकडं बघत बसायच्या. एका दुपारी त्यांनी माझा हात धरला. "आता कुनासंगं भांडतीस ग? म्हन की हो. माज्या लेकराचा जीव थंड व्हईल. एवढा एक सबुद तर हाय." मी त्यांच्यापुढं रडले. पण म्हटलं नाही. खोटं हो म्हटलं असतं तर तुम्ही तीन वर्षं माझ्यासमोर येऊन उभे राहिलात ते सगळं वाया गेलं असतं. मला तुमच्या नावानं एक खरा हो पाहिजे होता, आणि तो मिळवायचा तर कापायला पाहिजे होतं.

बाजरी या वर्षी अशी आली की माणूस उभा राहिला तर दिसू नये. सोंगणीला सगळ्यांनी लोखंडी विळे घेतले, मी तुमचा. तुमचे दादा म्हणाले, "असं कापलं तर दिवाळी रानातच." पण बांधाकडचा एक पट्टा त्यांनी माझ्यासाठी सोडला. ठकूबाईनं मला चिडवायचा एकदा प्रयत्न केला आणि मग आपली पात धरून पुढं गेली. तुमच्या विळ्याची एक लय आहे, ती मला दुसऱ्या दिवशी सापडली. ओढायचं नाही, झोळीत घेतल्यासारखं आपल्याकडं वळवायचं. तुम्ही हे सांगितलं नव्हतंत. तुम्हालाही कापता कापताच सापडलं असणार.

रोज दिवस कलताना मी बघायची. आणि मला एक भीती वाटायला लागली. मला चकाकी दिसायला लागली होती. पण ती आहे म्हणून दिसतेय, का मला पाहिजे म्हणून दिसतेय? पहिल्यांदाच मला माझ्या डोळ्यांचा भरवसा वाटेना. आता मला कुणीतरी "नाही" म्हणणारं हवं होतं, आणि तसं माणूस घरात मी एकटीच.

मग एके दिवशी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन शांता बांधावर आली. तुम्ही गेल्यापासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. तिनं कळशी उतरवली, माझ्यापुढं हात केला आणि म्हणाली, "बघू." मी विळा दिला, भिंग दिलं. मनात म्हटलं, झालं, ही हो म्हणणार, आणि मला काही कळणार नाही.

ती बघत राहिली. एकेक पातं, पुढून, मागून, उन्हात तिरपं करून. तुम्ही मला शिकवलंत तसंच अगदी. स्वयंपाकघराच्या दारातून ती दर रविवारी काय बघत होती, ते मला तेव्हा कळलं.

"नाही," शांता म्हणाली. "झाक आहे. चकाकी नाही, ताई. अजून नाही."

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "मला दिसते की," मी म्हटलं. ती म्हणाली, "ते असते तर तुम्ही हो म्हणाला असता का?" तिनं पदर कमरेला खोचला, विळा माझ्याकडं परत न देता वाकली आणि कापायला लागली. ठकूबाईनं आपला लोखंडी विळा माझ्या हातात दिला. म्हणाली, "बघत काय बसल्या? धरा पात." मागून दादांचा खोकला ऐकू आला.

त्यानंतर आम्ही दोघी पाळीपाळीनं. तो पट्टा पुरा झाला तरी चकाकी नाही, मग आम्ही बांधावरचं गवत घेतलं, मग ओढ्याकडचे लव्हाळे. शांता मला रोज "नाही" म्हणायची आणि आम्ही रोज चिडत घरी यायचो, भुकेनं कासावीस. आत्याबाई दारात बसून विचारायच्या, "झालं का ग पोरींनो?" आम्ही "न्हाई" म्हणायचो आणि त्या म्हणायच्या, "मंग जेवा, आन् सकाळी जावा." त्यांचंही रडणं त्या दिवसांत कमी झालं.

परवा दिवस कलताना शांतानं विळा बघितला. मग माझ्या हातात दिला. मी भिंग लावलं नाही. गरजच नव्हती. पात्यांच्या काठावर, लांबूनही दिसावी अशी, तुपाच्या बोटाची रेघ होती. पदराला पुसली. गेली नाही.

हो, भाऊजी. आली. बाजरीच्या ताटानं, गवता-लव्हाळ्यानं धोंड्याला चकाकी येते. मी हरले, आणि इतका आनंद मला जिंकूनही कधी झाला नव्हता. घरी येऊन आत्याबाईंच्या कानात मी तो शब्द सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला. विळा आता शाळेत जाईल आणि त्याच्या खाली हेडमास्तर काय लिहायचं ते लिहोत, खरंच असेल.

फक्त एक आहे. चकाकी तिरपी आली आहे, प्रत्येक पात्याच्या एकाच कोपऱ्याला जास्त. नेवाशाच्या त्या पात्यावर ती काठभर सरळ होती, मला चांगली आठवते. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाती सरळ बसवली होती आणि तुम्ही वाकडी. मी हे शांताला बोलून दाखवलं. ती म्हणाली, पाती मुळीच वाकडी नाहीत, ताई, तुम्ही विळा वाकडा धरता, आणि त्यांच्या कामाला नाव ठेवायच्या आधी नेवाशाला जाऊन ते पातं पुन्हा बघून या. काल ती माझ्याशी भाकरी निवेपर्यंत भांडली, भाऊजी, आणि शेवटी मलाच गप्प बसावं लागलं.